कातळावरील फुलांचे प्रदर्शन : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी वनस्पतींची जोपासना व मांडणी

पुष्पप्रदर्शन म्हटले म्हणजे गुलाब, शेवंती, डेलिया व झेंडू यांच्या टपोऱ्या फुलांच्या रांगा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० साली स्थापन झालेली संस्था पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या अखेरीस जे प्रदर्शन भरविते, त्यास दूरदूरच्या बागाईतदारांची व नागरिकांची गर्दी लोटते. अशा प्रदर्शनांमुळे उत्तम वाणांचा प्रसार होतो, रोपवाटिकांच्या धंद्यास चालना मिळते व लोकांची अभिरुची वाढते, हे निर्विवाद आहे. तथापि बागेतील फुलांइतकाच कौतुकास पात्र असा एक वर्ग आपल्या प्रदर्शनांतून बहुधा वगळलेला असतो. तो वर्ग म्हणजे डोंगरमाथ्यावरील सड्यांत व कड्याच्या कपारींत वाढणाऱ्या लहानशा वनस्पतींचा होय.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग या दृष्टीने विशेष समृद्ध आहे. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, ढाकोबा, दुर्गवाडी, आहुपे व भीमाशंकर या परिसरातील फुले पाहण्यासाठी पावसाळ्यात हजारो लोक येतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली जुन्नर तालुक्यास पर्यटन तालुका म्हणून घोषित केल्यापासून या प्रदेशाकडे अधिक लक्ष वेधले गेले आहे. लोक डोंगरावर येतात तसे डोंगरावरची फुलेही गावातील प्रदर्शनात आणावीत, असे वाटणे साहजिक आहे. मात्र ती कशी आणावीत यावर त्या वनस्पतींचे पुढील अस्तित्व अवलंबून आहे. यास्तव या विषयाची साधकबाधक माहिती येथे दिली आहे.

परदेशांतील अल्पाइन वनस्पतींची प्रदर्शने

उंच पर्वतांवर एका मर्यादेपलीकडे वृक्ष वाढत नाहीत. त्या मर्यादेच्या वर, परंतु कायम बर्फाच्या खाली, जो पट्टा असतो, तेथील वनस्पतींना युरोपातील आल्प्स पर्वताच्या नावावरून अल्पाइन वनस्पती असे म्हणतात. तेथे उन्हाळा अवघा दोन-तीन महिन्यांचा, वारा झोंबरा आणि माती बोटभरच. अशा स्थितीत टिकाव धरण्यासाठी ही झाडे बुटकी राहतात, उशीसारखी दाट वाढतात व बर्फ वितळताच घाईने फुलतात. झाडाच्या मानाने फुले मोठी व रंग भडक असल्याने ती पाहणाऱ्यास मोहून टाकतात.

इंग्लंडमध्ये या वनस्पती हौसेने वाढविणाऱ्यांची अल्पाइन गार्डन सोसायटी ही संस्था १९२९ साली निघाली, व १९३३ साली स्कॉटलंडमध्येही अशीच एक संस्था स्थापन झाली. या संस्थांची प्रदर्शने मुख्यतः वसंत ऋतूत भरतात. तेथील सर्वोत्तम वनस्पतीस मिळणारे पदक रेजिनाल्ड फॅरर यांच्या स्मरणार्थ दिले जाते. फॅरर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिलाउद्यानांवर लिहिलेल्या ग्रंथांनी या छंदास मोठी चालना दिली होती.

या प्रदर्शनांतील काही प्रथा आपल्याकडील हौशी शेतकऱ्यांनी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, तेथे तोडलेल्या फुलांपेक्षा कुंडीत वाढलेल्या जिवंत झाडास महत्त्व असते. दुसरी गोष्ट, परीक्षक फुलांची संख्या मोजून थांबत नाहीत. झाड निरोगी आहे काय, त्याची ठेवण त्याच्या जातीस साजेशी आहे काय, आणि ते वाढविण्यास किती अवघड आहे, याचाही ते विचार करतात. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, प्रदर्शनातील झाड मांडणाऱ्याने स्वतः जोपासलेले असावे, अशी अपेक्षा असते. थोडक्यात, बक्षीस मिळते ते जोपासनेस. कोणती वस्तू हाती लागली यास तेथे महत्त्व नसते.

सह्याद्रीचा कातळ व अल्पाइन पर्वत : साम्य आणि भेद

सह्याद्रीत खऱ्या अर्थाने अल्पाइन पट्टा नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. शिवनेरी व भीमाशंकर यांची उंची त्याहून बरीच कमी, म्हणजे हजार मीटरच्या आसपास आहे. येथे बर्फ पडत नाही. तरीही सड्यावरील व कड्यावरील झाडांची राहणी अल्पाइन झाडांशी पुष्कळ जुळते. दोन्हीकडे माती अत्यल्प, खडक उघडा, वारा जोराचा आणि वाढीचा काळ थोडा असतो. भेद इतकाच की, तेथे झाडास थंडीशी झगडावे लागते, तर येथे पाण्याच्या टंचाईशी.

पश्चिमेच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्वच्या सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळ्या पाषाणाच्या उतारावरून ते पाणी क्षणात वाहून जाते. पुढील सात-आठ महिने त्याच खडकाचा तवा तापलेला असतो. म्हणून येथील वनस्पतींनी तीन मार्ग पत्करले आहेत. सोनकी व तेरडा यांसारख्या हंगामी वनस्पती चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात. कंदीलपुष्प, चवर व रानहळद यांसारख्या वनस्पती पाऊस संपताच जमिनीखालील कंदात दडून राहतात. आणि काही मोजक्या वनस्पती आपल्या मांसल खोडात पाणी साठवून उघड्या कड्यावर उन्हाळा काढतात.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. युरोपात डोंगरी फुलांचा वसंत बर्फ वितळल्यावर येतो, तर आपल्या सड्याचा वसंत पाऊस ओसरू लागल्यावर, म्हणजे भाद्रपद-आश्विनात येतो. चैत्रात किंवा जानेवारीत भरणाऱ्या प्रदर्शनात ही झाडे मांडावयाची म्हटली, तर बहुतेकांची नुसती खोडे अथवा रिकाम्या कुंड्याच लोकांस दाखवाव्या लागतील.

हिवऱ्याची बाग आणि जुन्नरचा वारसा

जुन्नर परिसराचे नाव वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात जुने आहे. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान स्थापन झाले. १८३८ साली त्याची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. या उद्यानाची एक शाखा जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळच्या हिवरे येथे होती, व तेथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. गिब्सन हे पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत एका हिंदी चित्रकाराने काढलेली वनस्पतींची सुरेख चित्रे आजही एडिंबरो येथील शाही वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. त्या चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही.

गिब्सन यांच्यानंतर वनसंरक्षक झालेले निकोल अलेक्झांडर डॅल्झेल हे कसलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. या दोघांनी मिळून मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॅल्झेल यांनी जुन्नरच्या डोंगरांतील एका विलक्षण वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका असे नाव दिले. मराठीत हिलाच शिंदळ माकुडी म्हणतात. शास्त्रज्ञांनी पुढे तिचे वर्गीकरण अनेकदा बदलले. त्यामुळे ग्रंथांत ती कॅरालुमा फ्रेरी, बौसेरोसिया फ्रेरी अशा नावांनीही आढळते. नावे अनेक असली तरी वनस्पती एकच, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे १९६० नंतरच्या काळात के. हेमाद्री यांनी जुन्नर व आसपासच्या वनस्पतींचा बारकाईने अभ्यास केला, व सेरोपेजिया रोले ही कंदीलपुष्पाची नवी जाती जगापुढे आणली. ज्या डोंगरांवर गुरे चारली जातात व हिरडा गोळा केला जातो, तेच डोंगर शास्त्रज्ञांच्या लेखी असे मोलाचे आहेत.

शिंदळ माकुडीची ओळख

ही वनस्पती कड्याच्या कपारीतून खाली लोंबत अथवा खडकावर आडवी पसरत वाढते. खोड बोटाएवढे जाड, गोल, हिरवट-राखाडी व रसाळ असते. पावसाळ्यात त्यावर समोरासमोर जाडसर, लंबगोल पाने फुटतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी फुले येतात. त्यांचा रंग गर्द तांबडा असून त्यावर पिवळ्या खुणा असतात व कडांना बारीक लव असते. फुलास किंचित दुर्गंध येतो व त्यामुळे माश्या आकर्षित होऊन परागीकरण करतात. फळे जोडशेंगांच्या रूपाने येतात. ती तडकल्यावर रुईच्या बियांप्रमाणे रेशमी झुबका असलेले बी वाऱ्याबरोबर उडून जाते.

या वनस्पतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पानांत आहे. तिच्या कुळातील इतर रसाळ खोडाच्या वनस्पतींना पाने जवळजवळ नसतातच. शिंदळ माकुडीस मात्र चांगली मोठी पाने येतात, व ती पावसाळा संपल्यावर गळतात. शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून असे दिसून आले आहे की, तिची पाने व तिचे खोड अन्न तयार करण्याच्या दोन भिन्न पद्धती वापरतात. पाने गहू किंवा भुईमूग यांच्याप्रमाणे दिवसा हवेतील कर्बवायू घेतात. खोड मात्र निवडुंगाप्रमाणे रात्री, हवा गार असताना, रंध्रे उघडून कर्बवायू साठविते व दिवसा रंध्रे मिटून पाणी वाचविते. पाणी मुबलक असताना पानांच्या साहाय्याने वेगाने वाढावयाचे, आणि पाणी संपताच पाने टाकून देऊन खोडावर जगावयाचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. शेतकऱ्यास ती सहज पटण्यासारखी आहे, कारण चांगल्या सालात पसारा वाढवावा व दुष्काळात तो आवरावा हा नियम त्याच्याही संसाराचाच आहे.

ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर आढळत नाही. पुणे, सातारा व आसपासच्या जिल्ह्यांतील मोजक्या कड्यांवरच ती उरली आहे. १९८४ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत तिची गणना केली होती.

कौतुकातून होणारे नुकसान

वनस्पती दुर्मीळ आहे असे कळताच ती घरी असावी अशी इच्छा पुष्कळांस होते. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले की ही इच्छा आणखी बळावते. कोणी दोरीने कड्यावर उतरून मुळासकट झुबके उपटून आणतो, व प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ते कुंडीत खोवतो. खोड रसाळ असल्याने झाड आठवडाभर ताजे दिसते. प्रेक्षक वाहवा करतात, परंतु मुळे तुटलेली असल्याने आणि कुंडीतील माती चिकट असल्याने ते पुढे पावसात कुजून जाते. कड्यावरील ती कपार मात्र कायमची रिकामी होते. मूठभर मातीत रुजून तेवढा झुबका होण्यास बरीच वर्षे गेलेली असतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका बक्षिसाची किंमत किती पडली याचा अंदाज येतो.

हा अनुभव जगभराचा आहे. तुर्कस्थानातील रानटी सायक्लमेन व स्नोड्रॉप यांचे कंद युरोपातील बागांसाठी मोठ्या प्रमाणावर उपसले गेले. अखेर १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. सर्व प्रकारच्या आमरींचा, म्हणजे ऑर्किडांचा, समावेशही याच करारात आहे. सह्याद्रीतील आमरी झाडांच्या फांद्यांसह तोडून शहरांत विकण्याचा प्रकारही याच जातीचा आहे.

कायद्याची बाजूही प्रदर्शकांनी माहीत करून घ्यावी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातून परवानगीवाचून कोणतीही वनस्पती काढणे हा अपराध आहे. राखीव वनांस भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे. शिवनेरी किल्ला केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले स्मारक आहे. तेव्हा कड्यावरील झाड "कोणाचेच नाही" ही समजूत सोडून द्यावी. मालकी हक्काच्या बांधावर किंवा कातळावर असे झाड असेल, तर ते तेथेच राखणे हाच त्या शेतकऱ्याचा मोठा मान समजावा.

कुंडीतील जोपासना

शिंदळ माकुडी वाढविण्यास अवघड नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. खोडाच्या तुकड्यापासून ती सहज रुजते. म्हणूनच रानातून ती आणण्याचे कारण उरत नाही.

*लावणीचे साहित्य.* वनस्पती उद्याने, विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्र विभाग किंवा खात्रीची रोपवाटिका यांजकडूनच रोप अथवा छाट मिळवावे, व त्याची पावती जपून ठेवावी. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ १९५५ पासून पुण्यात आहे. वनस्पतीची ओळख पटविण्यासाठी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कंदीलपुष्पांच्या अनेक जाती जतन केल्या आहेत.

*कुंडी व माती.* मातीची, पसरट व उथळ कुंडी घ्यावी. वीतभर रुंदीची कुंडी एका रोपास पुरते. तळाच्या भोकावर खापऱ्या ठेवून त्यावर दोन बोटे जाडीचा खडीचा थर द्यावा. मिश्रणासाठी जाड वाळू किंवा दगडाची कच दोन भाग, चाळलेला मुरूम एक भाग, आणि पोयटा व कुजलेला पालापाचोळा मिळून एक भाग घ्यावा. शेतातील काळी चिकण माती मुळीच वापरू नये. पाणी ओतताच ते तळातून वाहू लागले, तर मिश्रण योग्य झाले असे समजावे.

*छाटे लावणे.* मे अखेर ते जून हा काळ उत्तम. निरोगी खोडाचा आठ ते दहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापावा. तो लगेच लावू नये. सावलीत चार-पाच दिवस ठेवून कापलेला भाग सुकू द्यावा, नाहीतर तो कुजतो. नंतर त्याचा एक तृतीयांश भाग मिश्रणात पुरावा व मूळ धरेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे. बियांपासून रोपे करावयाची असल्यास शेंगा तडकण्यापूर्वी त्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. ताजे बी लवकर उगवते.

*पाणी व ऊन.* पश्चिम पट्ट्यातील गावांत कुंडी संततधार पावसात उघडी ठेवू नये. कड्यावर पाणी थांबत नाही, कुंडीत ते थांबते, हा फरक विसरू नये. पडवीच्या कडेला, जेथे सकाळचे ऊन व मोकळा वारा मिळेल, अशी जागा निवडावी. युरोपातील हौशी लोक अल्पाइन झाडांसाठी बिनउष्णतेचे हवेशीर काचगृह बांधतात. त्यात थंडीपासून बचाव करण्यापेक्षा हिवाळ्यातील ओल टाळणे हाच त्यांचा मुख्य हेतू असतो. कड्यावरील झाडाचा शत्रू बहुधा कुंडीतील साचलेली ओल असते, हे तेथे व येथे सारखेच खरे आहे.

*खत व कीड.* जूनमध्ये मूठभर चांगले कुजलेले खत पुरे होते. युरियासारखी नत्रखते देऊ नयेत. त्यांनी खोड फोफावते, ठिसूळ होते व रोगास बळी पडते. पिठ्या ढेकूण सांध्यांत दिसल्यास कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. मूळकूज दिसताच निरोगी शेंडे कापून नव्याने लावावेत.

*वर्षभराचा क्रम* पुढीलप्रमाणे ठेवावा :

जून-जुलै : पालवी व वाढ. मिश्रणाचा वरचा थर सुकल्यावर पाणी.
ऑगस्ट-ऑक्टोबर : फुलोरा. कुंडीची जागा वारंवार बदलू नये.
नोव्हेंबर-जानेवारी : पाणी दहा-बारा दिवसांनी. पाने पिवळी पडू लागतात.
फेब्रुवारी-मे : विश्रांती. तीन आठवड्यांतून एकदा थोडेसे पाणी.

पाने गळाल्यावर झाड मेले असे समजून ते फेकून देण्याची किंवा भरपूर पाणी ओतण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते. खोड टणक व हिरवट आहे तोवर झाड जिवंत आहे.

प्रदर्शनास योग्य अशा इतर वनस्पती

कंदीलपुष्पांच्या जाती या कंदवर्गीय आहेत. त्यांचे फूल लांबट कंदिलाच्या आकाराचे असून आतील नळीत खाली वळलेले केस असतात. लहान माशी आत शिरली की या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. केस सुकले म्हणजे ती पराग घेऊन सुटते व दुसऱ्या फुलाकडे जाते. या जातींस खोल कुंडी व वेलास आधार द्यावा लागतो. पावसाळ्यानंतर वेल वाळताच पाणी बंद करून कंद कुंडीतच कोरडा ठेवावा. हे कंद खाण्याजोगे असल्याने रानात ते खणले जातात. म्हणून कुंडीतील प्रत्येक कंद ही त्या जातीची राखीव ठेवच मानावी.

सोनकी, तेरडा व आभाळी या वनस्पती विपुल असून शाळेतील मुलांनाही वाढविता येतील. त्यांचे थोडे बी गावाजवळच्या बांधावरून गोळा करून मेमध्ये कच मिसळलेल्या मातीत पेरावे. तेरड्याचा रंग तीन दिवस अशी म्हण आहे. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा पेरणी करावी, म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी एखादी तरी कुंडी ऐन बहरात राहील.

सीतेची आसवे, गेंद व कारवी यांच्या वाटेस मात्र जाऊ नये. सीतेची आसवे ही कीटकभक्षी असून सड्यावरील झिरपत्या पाण्यावाचून जगत नाही. गेंदासही तसाच सतत ओलावा लागतो. कारवी काही वर्षांच्या अंतराने एकदाच सामुदायिक रीतीने फुलते. यांच्यासाठी प्रदर्शनात छायाचित्रांचा व हस्तचित्रांचा स्वतंत्र विभाग ठेवावा. दापोडीच्या बागेतील चित्रांनी पावणेदोनशे वर्षे टिकून हे सिद्ध केले आहे की, फूल न तोडताही ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांस दाखविता येते.

प्रदर्शनाचा काळ व मांडणी

जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगाव येथे असे प्रदर्शन भरवावयाचे झाल्यास भाद्रपदातील गौरी-गणपतीनंतरचा पंधरवडा सोयीचा पडेल. या दिवसांत घरोघरी तेरड्याची गौर आणण्याची पद्धत आहे व रानफुलांकडे लोकांचे मन आपोआप वळलेले असते. शेतातील कामांचा जोरही त्या सुमारास थोडा ओसरतो.

मांडणीपूर्वी कुंडी बाहेरून घासून स्वच्छ करावी, वाळलेली पाने काढावीत व मिश्रणावर काळ्या दगडाच्या कचेचा पातळ थर द्यावा. त्यामुळे झाड आपल्या मूळ कातळावर असल्याचा भास होतो व खोडाशी ओल राहत नाही. लोंबत्या झाडाची कुंडी डोळ्यांच्या उंचीवर, लहान फुलांची कुंडी कमरेच्या उंचीवर ठेवावी. रंगीत कागद, जरी किंवा कृत्रिम दगड यांची आरास टाळावी.

प्रत्येक कुंडीजवळ एक पाटी असावी. तीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ, रोप कोठून मिळाले, कोणत्या साली लावले व बियांपासून की छाटापासून वाढविले, हे लिहावे. रानातील नेमके ठिकाण मात्र पाटीवर किंवा छायाचित्राखाली लिहू नये. तालुक्याचे नाव पुरेसे आहे. कपारीचा पत्ता जाहीर होणे म्हणजे चोरास वाट दाखविणेच होय.

परीक्षणासाठी शंभर गुणांची विभागणी अशी करणे इष्ट ठरेल : झाडाचे आरोग्य व ठेवण ३०, फुलोरा २०, वाढविण्यातील अवघडपणा २०, उगमाची व जोपासनेची नोंद २०, मांडणी १०. ज्या झाडाच्या उगमाची नोंद नाही, ते स्पर्धेतून वगळावे. किमान एक पूर्ण वर्ष प्रदर्शकाकडे वाढलेलेच झाड स्वीकारावे, म्हणजे उन्हाळा काढलेल्या झाडासच बक्षीस मिळेल. एवढ्या एका नियमाने रानातून झाडे उपटून आणण्याचा मोह पुष्कळसा नाहीसा होईल.

याशिवाय एका झाडापासून सर्वाधिक रोपे करून ती इतरांस वाटणाऱ्या प्रदर्शकासाठी स्वतंत्र बक्षीस ठेवावे. एखादी जाती पाच-पन्नास घरांच्या पडव्यांत नांदू लागली, म्हणजे तिच्यासाठी कड्यावर जाण्याचे कारणच उरत नाही. मात्र अशी रोपे आपल्या मनाने पुन्हा रानात नेऊन लावू नयेत. रोगांचा प्रसार व जातींची भेसळ होण्याचा धोका त्यात असतो. ते काम वनविभाग व वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

प्रेक्षकांनी कसे पाहावे

या वनस्पती लांबून पाहून पुढे सरकण्याच्या नव्हेत. गुलाबाचे फूल दहा पावलांवरूनही लक्ष वेधते. शिंदळ माकुडीचे फूल मात्र वीतभर अंतरावरून व शक्य तर भिंगातून पाहावे लागते. संयोजकांनी म्हणून दोन-चार भिंगे टेबलावर ठेवावीत. फुलाकडे पाहून झाल्यावर खोड, पाने व मातीही पाहावी. इतक्या थोड्या मातीत हे झाड कसे जगते, हा प्रश्न ज्यास पडला, त्याने प्रदर्शन खऱ्या अर्थाने पाहिले.

पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर बांधवांस या वनस्पतींची नावे, उपयोग व फुलण्याचे काळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यांतील जाणत्या व्यक्तींना प्रदर्शनात माहिती सांगण्यासाठी मानाने बोलवावे. शहरातील पाहुण्यास व गावातील विद्यार्थ्यास त्यापासून सारखाच लाभ होईल.

सारांश

१. सड्यावरील व कड्यावरील वनस्पती प्रदर्शनास योग्य आहेत, परंतु त्यांचा हंगाम भाद्रपद-आश्विन हा होय.

२. रानातून उपटलेले झाड प्रदर्शनात मांडू नये व स्वीकारूही नये.

३. शिंदळ माकुडी छाटापासून सहज होते. निचऱ्याची माती, मोकळी हवा व बेताचे पाणी ही तिच्या जोपासनेची त्रिसूत्री आहे.

४. बक्षीस देताना जोपासना व उगमाची नोंद यांना फुलोऱ्याइतकेच महत्त्व द्यावे.

५. कुंडीत न जगणाऱ्या वनस्पतींची चित्रे मांडावीत.

ज्या वनस्पतीची शास्त्रास पहिली ओळख जुन्नरच्या डोंगरांनी करून दिली, ती जुन्नरच्याच लोकांनी राखावी हे उचित आहे. हौशी शेतकरी, शाळा व तरुण मंडळे यांनी येत्या मे महिन्यापासून कुंड्या व माती यांची तयारी केली, तर पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात त्यांना आपल्या हाताने वाढविलेली कातळावरची फुले लोकांस दाखविता येतील, आणि कड्यावरची फुलेही जागच्या जागी फुलत राहतील.